परातीला दिसणारं आकाश

"साचे माझे आहेत."

"होते. लग्नात मला दिलेस तू."

"दिले नव्हते, वापरायला दिले होते. वापरता येत नसतील तर परत घेऊन जाते."

"वापरता येत नाहीत असं कोण म्हणालं?"

"हा म्हणतोय," असं म्हणून आईने टेबलावरचा साचा उचलला आणि उलटा धरून हलवला. आतून काहीच पडलं नाही. तिने नळ्यांवर टिचक्या मारल्या, तळव्याने थापटलं, शेवटी कान लावून ऐकलं, जणू आत कोणी कडी लावून झोपलंय. "बघ. हाकेला ओ देत नाही."

ओट्याखाली टोपलीत कालच्या मेणबत्त्या पडल्या होत्या. कुणाचं डोकं साच्यातच राहिलेलं, कुणाची पाठ सोललेली, कुणी कमरेत वाकलेली. आईची नजर तिकडे जाऊ नये म्हणून तिची लेक, मेणवाली, टोपलीच्या पुढ्यात उभी होती. पण जन्मभर मेण ओतलेल्या बाईपासून मोडक्या मेणबत्त्या लपवायच्या म्हणजे मांजरापासून दूध लपवण्यासारखंच.

"सरक," आई म्हणाली.

ती सरकली. आईने टोपलीत वाकून एक मेणबत्ती उचलली, अंगठ्याने तिची पाठ चाचपली आणि परत ठेवून दिली, हलक्या हाताने, आजारी माणसाला ठेवावं तशी. आई ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मेणवालीला वाटलं.

आई पहाटेच्या गाडीने आली होती, काखेत एक रिकामी गोणी घेऊन. गोणी कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. गावाकडे साच्याविना, वात मेणात बुडवून मेणबत्त्या करण्यात वहिनीचा हात आता चांगला बसला होता आणि साचे मात्र इथे शहरात, तिसऱ्या मजल्यावर, मेण गिळून बसले होते. आईचं म्हणणं सरळ होतं. रविवारी संध्याकाळच्या गाडीने ती परत जाणार. तोवर मेणबत्त्या आपल्या पायांनी बाहेर आल्या तर साचे लेकीचे. नाहीतर गोणीत.

"आणि मी काय करू?" मेणवालीने विचारलं.

"तू पण ये. गोणीत नको, सीटवर बस."

साचे पत्र्याचे होते. मेणवालीच्या वडिलांनी केलेले. ते पत्र्याची कामं करायचे. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा होणारी बायको मेणबत्त्या करते हे कळल्यावर त्यांनी पहिली भेट म्हणून साचाच केला होता. नळ्यांची रांग, वर एक पन्हळ, आणि प्रत्येक नळीला डाख असा की बोट फिरवलं तरी सांधा कळू नये. लहानपणी मेणवालीला प्रत्येक नळीची ओळख होती. कडेच्या एकीला पोचा होता. तिच्यातून निघालेली मेणबत्ती विकायची नाही, घरात लावायची.

त्या घराच्या मागे मोकळं अंगण होतं आणि अंगणापलीकडे नुसती शेतं. संध्याकाळ झाली की आई अंगणात पेंढा पसरायची, त्यावर मोठाल्या उथळ पराती मांडायची आणि त्यांत बोटभर पाणी ओतायची. रात्रभर त्या तशाच उघड्या. पहाटे ते पाणी इतकं गार झालेलं असायचं की त्यात हात घालणाऱ्याच्या तोंडून नको तो शब्द निघावा. मग ते पाणी पिंपात ओतायचं, स्टोव्हवर मेण वितळवायचं, वात ओवलेल्या साच्यात ओतायचं आणि साचा गळ्यापर्यंत पिंपात उभा करायचा. गार पाण्यात मेण अंग चोरतं, नळीच्या पत्र्यापासून सुटतं. थोड्या वेळाने वाती बांधलेली वरची आडवी काडी धरून उचललं की अख्खी रांग एका दमात बाहेर यायची, शाळा सुटल्यासारखी. हे पाहायला मेणवाली लहानपणी झोपेतून उठून बसायची. पाणी गार का होतं असा प्रश्न तिला कधी पडला नाही. रात्र झाली की पाणी गार होतं, यात विचारायचं काय?

लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. लिफ्टा शहरात, म्हणून तोही शहरात. आणि साचे, पराती, अंगण गावात, म्हणून ती गावात. सुट्टीच्या दिवशी तो यायचा, पुन्हा जायचा. बरीच वर्षं असंच चाललं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो म्हणायचा, माझा धंदाच वर-खाली करण्याचा, मग संसार तरी एका जागी कसा राहील. सगळे हसायचे. तीही हसायची.

मग एकदा ती न कळवता शहरात आली. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत तो खिडकीपाशी उभ्या उभ्या जेवत होता, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. खुर्ची होती, पण तिच्यावर कपडे पडलेले. बसावं असं त्याला वाटलंच नव्हतं. ती आत गेली, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि म्हणाली, बसा. तो बसला. परत जाताना गाडीत तिने ठरवून टाकलं. पुढच्या महिन्यात ती साचे, पराती आणि स्टोव्ह घेऊन आली ती आलीच. धंदा सोडायचा नाही आणि नवऱ्याला पुन्हा खिडकीत जेवू द्यायचं नाही. ह्या दोन गोष्टींपैकी एक निवड असं जो कुणी म्हणेल त्याच्याशी ती भांडायला तयार होती.

थंडीचे दिवस होते तोवर सगळं सुरळीत चाललं. घरोघरी मेणबत्त्या जाऊ लागल्या, कोपऱ्यावरचा जेवणघरवाला दर आठवड्याला टोपली भरून नेऊ लागला. इमारतीत तिचं मेणवाली हे नाव पडलं ते त्याच दिवसांत. मग ऊन वाढलं आणि साच्यांनी तोंड मिटलं.

ती हातावर हात धरून बसली नव्हती. नळाचं पाणी पाहिलं, ते गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येई, पहाटेसुद्धा कोमट. नवऱ्याने बर्फ आणून दिला. बर्फात साचा उभा केला तर मेणबत्त्या निघाल्या खऱ्या, पण अंगभर तडे घेऊन, जुन्या बशीवर असतात तसे. सावकाश निवालं पाहिजे आणि तरी नीट निवालं पाहिजे, मेणाचं दुखणं नाजूक. शेवटी तिने गच्चीवर पराती मांडायला सुरुवात केली, आईसारख्याच. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लागून, म्हणजे कुणाचा पाय लागणार नाही आणि वारा धूळ आणणार नाही. पहिल्याच सकाळी पाण्यावर काजळीचा काळा ठिपका दिसला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. तेव्हापासून प्रत्येक परातीवर धुतलेली चादर, चारी कोपऱ्यांना दगड. एवढी नीटनेटकी व्यवस्था आईनेही कधी केली नव्हती. आणि पाणी? पाणी सकाळी जसंच्या तसं, संध्याकाळचं ऊन अजून विसरलेलं नाही असं.

आईने पहिली रात्र आधी पलंगावर, मग फरशीवर, मग दारात काढली. सकाळी चहा पिताना तिने जावयाला विचारलं, तुमच्याकडे रात्र कधी होते?

"झाली की काल," तो म्हणाला.

"ती रात्र नव्हती, जावईबापू. नुसता अंधार होता."

मेणवाली स्टोव्ह पुसत होती. तिचा हात थांबला. आई नेहमीप्रमाणे शहराला नावं ठेवत होती हे तिला कळत होतं, पण त्या वाक्यात टोमण्यापलीकडे काहीतरी खरं होतं. शहरात आल्यापासून तिला जे नेमकं म्हणायचं होतं ते आईने एका रात्रीत म्हणून टाकलं होतं. दिवसभर ती त्यावरच विचार करत राहिली. इथे अंधार पडला तरी ऊन का मावळत नाही?

संध्याकाळी ती पराती घेऊन गच्चीवर गेली. सूर्य केव्हाच गेला होता. भिंतीपाशी उकिडवी बसून तिने पहिली परात ठेवली आणि तिच्या उजव्या गालाला झळ लागली, कुणीतरी भट्टीचं दार उघडावं तशी. तिने भिंतीला हात लावला नव्हता. भिंत हातभर लांब होती. तिने मान वळवली, डावा गाल भिंतीकडे केला. आता डाव्या गालाला झळ. पुन्हा वळवली. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई भिंतीशी नाही-नाही म्हणतेय. हवा तर दोन्ही गालांना एकच होती. मग एकच गाल का भाजतोय?

तिने परात उचलून बाजूला ठेवली आणि परातीच्या जागी स्वतः आडवी झाली.

पाठीखाली स्लॅब गरम, अंगात शिरणारा. उजवीकडे ती भिंत. पायांच्या दिशेला टाकीचे खांब आणि टाकी. डोक्याकडे शेजारची इमारत, आणि तिच्याही मागे नवी उंच इमारत, जिचा वरचा अर्धा भाग अजून दिवस असल्यासारखा उबदार दिसत होता. ह्या सगळ्यांच्या मधे आकाश होतं ते चुरगळलेल्या रुमालाएवढं. गावाकडच्या अंगणात ती खाटेवर अशीच पडायची तेव्हा आकाश एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत असायचं. तिकडची जमीनही दिवसभर तापायचीच की. पण रात्री ती आपली ऊब वर सोडून द्यायची आणि मधे अडवायला कोणी नव्हतं. इथे भिंतीने सोडलेली ऊब समोरची भिंत झेलायची, समोरचीने सोडलेली ही झेलायची. दिवसभर ऊन प्यायलेल्या ह्या सगळ्या जणी रात्रभर ते एकमेकींच्या अंगावर ओतत बसणार होत्या, आणि त्यांच्या बरोबर मधे, पाहुणी म्हणून बसवावी तशी, तिची परात.

"वहिनी, चक्कर आली का?"

इमारतीची देखभाल करणारे काका दाराशी उभे होते, हातात टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचा पाना. त्यांच्या मागे आई, धापा टाकत.

"नाही काका. परात झालेय."

काकांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली की लहानपणी ही एकदा कोंबडी कशी बसते ते पाहायला खुराड्यात जाऊन बसली होती, तेव्हा काळजीचं कारण नाही. काकांचा चेहरा काही तसं म्हणत नव्हता.

मेणवाली उठली, कपडे झटकले आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा आडवी झाली. तिथून टाकी दिसेना, पण उंच इमारत जास्त दिसू लागली. मग कठड्यापाशी. मग कोपऱ्यात. प्रत्येक ठिकाणी ती क्षणभर पडायची, डोळ्यांनी आकाश मापायची, उठायची. आई हळू आवाजात म्हणाली, समोरच्या खिडकीतून लोक बघतायत. ती म्हणाली, बघू देत, त्यांनाही उकडतच असेल. शेवटी गच्चीच्या ऐन मध्यावर, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली, तिला हवी ती जागा सापडली. भिंती होत्याच, पण दूर आणि बुटक्या झालेल्या. डोळ्यांसमोर बरंचसं निळं होतं.

"इथे," ती पडल्या पडल्या म्हणाली.

काकांचं म्हणणं पडलं की इथे सगळ्या इमारतीचे कपडे असतात, लोक तक्रार करतील. त्यावर ती म्हणाली की कपडे दिवसा वाळतात आणि पराती रात्री निवतात, दोघांची गाठ पडणार नाही. सकाळी कोणाचा पहिला टॉवेल येण्याआधी ती जागा पुसून देईल. काका थोडा वेळ पाना ह्या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, माझ्या खोलीतसुद्धा रात्री बसवत नाही, जमलं काही तर मलाही सांगा.

उरला प्रश्न स्लॅबचा. खालून गरम स्लॅब लागत असेल तर वरचं आकाश काय करणार? तिने आईला विचारलं की पेंढा कशासाठी अंथरायचीस. आई म्हणाली, परातीच्या बुडाला ओरखडे पडू नयेत म्हणून, दुसरं काय. तिच्या आईने अंथरला, म्हणून तिनेही अंथरला. मेणवालीला हसू आलं. खरं कारण त्या पेंढ्याखाली इतकी वर्षं निजलेलं होतं आणि कुणी उचलून पाहिलं नव्हतं. शहरात पेंढा कुठला मिळणार? पण लिफ्टच्या यंत्रांचे खोके येतात ते थर्माकोलमध्ये गुंडाळलेले. नवरा रात्री कामावरून आला तो दोन्ही काखांत थर्माकोलच्या जाड फळ्या घेऊन, जिन्यात प्रत्येक वळणावर अडकत. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही याचा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती वर गेली आणि ओळीने पराती तपासू लागली. पहिलीत बोटं घातली. कालपेक्षा बरं, पण चावण्याइतकं गार नाही. दुसरी तशीच. तिसरी तशीच. तिने ओठ दाबले. भिंत सोडली, स्लॅब सोडला, आता आणखी काय सोडायचं? चौथीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

गार.

तिने हात पुसला, दुसरा हात घातला. गारच. पुन्हा पहिलीत, पुन्हा चौथीत. तीच गच्ची, तीच रात्र, त्याच टाकीचं पाणी. फरक एवढाच की चौथीवर चादर नव्हती. चार दगड कोपऱ्यांना तसेच होते, काही न धरता.

खाली दारात आई बसली होती, ओल्या चादरीत मानेपर्यंत गुंडाळलेली, फक्त नाक आणि डोळे बाहेर.

"आई, ही चादर..."

"घेतली. रात्री जीव कासावीस झाला, वर गेले, एक घेतली, भिजवली, पांघरली. तुझ्या पाण्यापेक्षा माझी गरज मोठी होती."

"कुठल्या परातीवरची घेतलीस?"

"कडेच्या. आता एका चादरीवरून सकाळी सकाळी..."

"रागावत नाहीये गं," मेणवाली तिच्यासमोर खाली बसली. तिचा गार हात तिने आईच्या गालाला लावला. आईने डोळे मिटले, मग उघडले. हात कशामुळे गार आहे ते तिला कळलं.

मग मेणवाली स्वतःवरच हसायला लागली. भिंतींपासून पळवून तिने परातींना आकाशाखाली नेलं होतं आणि वर स्वतःच छप्पर घातलं होतं, धुतलेलं, इस्त्री केल्यासारखं. इतके दिवस ती पाण्याला पांघरूण घालत होती आणि वर त्याला थंड हो म्हणत होती. आणि कशासाठी? काजळीच्या भीतीने. साचा बाहेरून पाण्यात बुडतो, मेण आत असतं. पाण्यात काजळी पडली काय, अख्खी चिमणी पडली काय, मेणाला कळणारच नव्हतं. गावाकडे पानं पडायची, किडे पडायचे, आई चिमटीने काढून टाकायची. तेव्हा तिला किळस आली नव्हती. शहराचं आकाश तेवढं घाणेरडं, असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, आणि त्यालाच इतके दिवस बाहेर ठेवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या चादरी घडी होऊन कपाटात गेल्या. काका म्हणाले, पक्षी येऊन पाणी पितील. ती म्हणाली, पिऊ देत, त्यांच्याही पोटात थंडावा जाईल.

रविवारी पहाटे स्वयंपाकघरात मेणाचा वास भरला. नवरा रात्रीच कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता. आई पिंपापाशी स्टुलावर बसली होती, परीक्षकासारखी. मेणवालीने परातींमधलं पाणी पिंपात ओतलं. आईने बोट बुडवलं.

"आपल्याकडचं पाणी चावायचं," ती म्हणाली. "हे नुसतं शिवतंय."

मेणवालीलाही ते जाणवलं होतं. गार होतं, पण गावासारखं नव्हतं, आणि तसं होणारही नव्हतं. दूरच्या भिंतीही आपलं थोडंथोडं देतच होत्या. तिने वितळलेल्या मेणाचं भांडं स्टोव्हवरून उतरवलं आणि ओतलं नाही. ओट्यावर ठेवून दिलं.

"ओत की. मेण असं थांबवायचं नसतं."

"थोडं निवू दे. काठाला साय धरायला लागली की ओतते. पाणी कमी गार आहे, तर मेण कमी गरम पाहिजे."

"असं कोणी करत नाही."

"इथे करतात."

"कोण करतं?"

"मी."

काठाला बारीक पांढरी रेघ धरली तशी मेणवालीने भांडं उचललं आणि पन्हळीत धार धरली. साचा पिंपात उभा केला. मग वाट पाहणं आलं. नेहमीची वेळ झाली तशी आईने आडव्या काडीकडे हात नेला. मेणवालीने तिचं मनगट धरलं. जोराने नाही, पण सोडायचं नाही असं.

"अजून नाही."

"झालंय ते. मला आवाजावरून कळतं."

"तिकडच्या पाण्यात झालं असतं. इथे आणखी वेळ लागेल."

खिडकीबाहेर उजेड पसरत गेला. कोणीतरी वर गच्चीवर पहिला टॉवेल घेऊन गेलं, चपला जिन्यात वाजल्या. आई कंटाळून उठली, बसली, स्टोव्हची वात उगाच वर-खाली केली. मेणवाली पिंपाच्या काठाला हात लावून उभी होती. काही चुकलं असेल तर ह्या साच्याला ती पुन्हा हात लावू शकणार नव्हती, हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच घाई करायची नव्हती. शेवटी तिने काडी दोन्ही हातांनी धरली, श्वास घेतला आणि सरळ वर उचलली.

सुरुवातीला साचा काडीबरोबरच उठू लागला. तिने काडी तशीच धरून ठेवली. मग आत कुठेतरी टक् असा बारीक आवाज झाला आणि साचा परत पाण्यात बसला. मेणबत्त्या वर आल्या, ओल्या नाहीत, गुळगुळीत, एकीमागून एक. दोन नळ्या तेवढ्या हट्टाला पेटल्या, त्यांच्या वाती तुटल्या आणि मेण आतच राहिलं.

आईने रांग हातात घेतली. प्रत्येकीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. खूप वेळ लावला.

"दोन राहिल्या," ती म्हणाली.

"हो. उद्या काढीन."

नवरा दारात येऊन उभा राहिला, कपाळाला ग्रीस, डोळ्यांत झोप. ओट्यावरची रांग पाहून त्याने सासूबाईंकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "लिफ्ट आली वाटतं वर." कोणी हसलं नाही तरी तो हसला आणि खुर्ची ओढून बसला.

दिवसभर साच्यांचा विषय कोणी काढला नाही. आई दुपारी झोपली, जावयाच्या शर्टाचं बटण लावून दिलं, जेवणघरवाल्याला द्यायच्या मेणबत्त्या कागदात गुंडाळून दिल्या आणि गुंडाळताना एकीची मेणवालीने खरडलेली कड दिसली तरी बोलली नाही. ऊन उतरलं तशी तिने आपली पिशवी भरली. गोणीची घडी करून पिशवीच्या तळाशी घातली, वर कपडे. मेणवाली पाहत होती.

"वहिनीला नवे साचे करून घेईन," आई पिशवीची दोरी आवळत म्हणाली. "तुझ्या बाबांसारखा डाख देणारा आता मिळायचा नाही. पण तिला काय फरक पडणार आहे, तिने जुने कुठे वापरलेत."

मेणवालीने ओट्याखालून पराती काढल्या, एकात एक घातल्या. वर जायची वेळ झाली होती. पाणी उजेड असतानाच मांडलेलं बरं. नवरा खाली रिक्षा थांबवून हाक मारत होता.

आई दारापर्यंत गेली आणि वळली.

"एक सांग. तिकडे ढग भरून आले की रात्रीचं पाणी निवायचं नाही. मग आम्ही त्या दिवशी मेण ओतायचोच नाही, बाकीची कामं काढायचो. तुला तर जेवणघरवाला दर आठवड्याला दारात उभा. ढगांचे दिवस येतील तेव्हा तू काय करणार आहेस?"

"तेव्हा पुन्हा परात होऊन बघीन," मेणवाली म्हणाली. मग पराती कमरेवर घेतल्या, दुसऱ्या हाताने पाण्याची बादली उचलली, आईच्या बाजूने दाराबाहेर पडली आणि जिना चढू लागली.